एका रात्रीत बारीक झालेला चँडलर

रॉस गेलर सलग तीन सीझन २९ वर्षांचा होता. तिसऱ्या सीझनमध्ये २९, चौथ्यात २९ आणि पाचव्यातही २९! रेचल गुंथरला आपला वाढदिवस ५ मे सांगते आणि पुढे सातव्या सीझनमध्ये तिला अडवणारा पोलीस लायसन्स बघून म्हणतो, तू कुंभ राशीची का? म्हणजे बाई जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली. आता बोला.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या हॉस्टेलच्या खोलीत या सगळ्या चुकांची एक एक्सेल शीट होती. खोटं नाही सांगत. सबमिशनच्या फायली दुसऱ्याच्या बघून उतरवणारी आम्ही चार कार्टी, पण ही शीट मात्र मन लावून भरायचो. सिनियरकडून मिळालेल्या हार्ड डिस्कवर 'फ्रेंड्स'चे दहाही सीझन होते. चौकोनी चित्र, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, सबटायटल्स दोन सेकंद पुढे. २३६ एपिसोड आम्ही किती वेळा बघितले असतील याचा हिशेब नको (आई कधीकधी हे वाचते). शीटमध्ये चार कॉलम होते. सीझन, एपिसोड, वेळ, चूक. सगळ्यात जास्त चुका माझ्या रूममेटने शोधल्या होत्या. त्याची नजर भयंकर होती. कॉफीचा कप उजव्या हातातून डाव्या हातात गेला की हा पठ्ठ्या पॉज करणार म्हणजे करणार.

परवा जुन्या मेलमध्ये ती शीट सापडली. दीडशेच्या वर ओळी. वाचताना हसू आलं आणि मग एका ओळीपाशी थांबलो. त्या ओळीबद्दल शेवटी लिहितो. आधी इतिहास, कारण मूळ प्रश्न तोच आहे. एवढा पैसा, एवढी माणसं, तरी या लोकांकडून इतक्या साध्या चुका कशा होतात?

याचं उत्तर शोधायला १९५१ सालात जावं लागतं.

त्या काळी अमेरिकेत टीव्हीचे बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून लाइव्ह व्हायचे. दुसऱ्या टोकाला, म्हणजे कॅलिफोर्नियाकडे, ते कसे दाखवायचे? तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्याचं शूटिंग करायचं आणि ते रीळ पाठवायचं. म्हणजे थिएटरमध्ये मोबाइल धरून केलेल्या कॉपीचे पूर्वजच समजा. चित्र अर्थातच भुरकट. ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांना 'आय लव्ह ल्युसी' करायची होती, पण हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायचं नव्हतं. बरं, पूर्वेकडच्या प्रेक्षकांना भुरकट चित्र दाखवायला सीबीएस आणि स्पॉन्सर तयार नव्हते. मग देसीने तोडगा काढला. सगळं सिनेमासारखं ३५ एमएम फिल्मवर शूट करायचं, पण नाटकासारखं प्रेक्षकांसमोर, आणि एकाच वेळी तीन कॅमेरे लावून. कॅमेऱ्यामागे होता कार्ल फ्रॉइंड, ज्याने १९२७ चा 'मेट्रोपोलिस' शूट करण्यात मोठा वाटा उचलला होता. खर्च वाढला म्हणून नवरा-बायकोने मानधन कमी घेतलं आणि बदल्यात मालिकेची मालकी आपल्याकडे ठेवली.

१५ ऑक्टोबर १९५१ ला पहिला भाग लागला आणि सिटकॉम बनवायची पद्धत जवळजवळ कायमची ठरली. आपल्या भाषेत सांगायचं तर आर्किटेक्चर फ्रीझ झालं. पुढे ४३ वर्षांनी, २२ सप्टेंबर १९९४ ला एनबीसीवर 'फ्रेंड्स' सुरू झाली तीही याच पद्धतीने बनत होती. समोर सुमारे तीनशे माणसं बसलेली, अनेक कॅमेरे एकदम चालू, रीळ ३५ एमएमचं.

आणि चुकांचं बी याच पद्धतीत आहे.

सीन एकदाच होत नाही. दोनदा, तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा होतो. एखाद्या विनोदाला लोक हसले नाहीत तर लेखक तिथल्या तिथे डोकी एकत्र करतात, नवीन वाक्य लिहितात आणि पुन्हा टेक घेतात. पहिल्या टेकमध्ये मोनिकाने वाक्याच्या आधी कप उचलला, तिसऱ्यात वाक्यानंतर. नंतर एडिटर बसतो. मोनिकाचं वाक्य पहिल्या टेकमधलं चांगलं आहे आणि त्यावरची चँडलरची प्रतिक्रिया तिसऱ्यातली. दोन्ही जोडली की कप आपोआप उड्या मारतो!

मग हे कोणाला दिसत नाही का? दिसतं. सेटवर स्क्रिप्ट सुपरवायझर नावाचा माणूस याच कामासाठी असतो. कोणत्या वाक्याला कोणता हात वर होता, कुठल्या बाहीची घडी होती, ग्लासात पाणी किती होतं, हे सगळं तो टिपून ठेवतो. एडिटरलाही दिसतं. पण त्याला निवडायचं असतं. 'अपोकॅलिप्स नाऊ'चा एडिटर वॉल्टर मर्च याने 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' या पुस्तकात कट कुठे करायचा याचे सहा निकष दिलेत आणि त्यांना चक्क टक्के वाटून दिलेत. भावनेला ५१ टक्के, गोष्टीला २३, लयीला १०. आणि माणसं-वस्तू जागच्या जागी असण्याला, सगळ्यात शेवटी, फक्त ४ टक्के. म्हणजे आमच्या शीटमधल्या निम्म्या ओळी त्या चार टक्क्यांतल्या होत्या. एडिटरला हसू हवं होतं, त्याने कप सोडून दिला. प्रायॉरिटी ठरवून सोडलेला बग होता तो.

दुसरी जात जास्त गमतीशीर आहे. ती म्हणजे गोष्टीतल्या चुका.

पहिल्याच भागात लग्नाच्या ड्रेसमध्ये धावत आलेल्या रेचलशी मोनिका सगळ्यांची ओळख करून देते. रॉस तुला आठवत असेल म्हणते, पण चँडलरची ओळख अगदी नव्याने. ठीक आहे. पण १९९८ मध्ये आलेल्या थँक्सगिव्हिंगच्या फ्लॅशबॅकमध्ये हे दोघं १९८७ मध्येच गेलरांच्या घरी भेटलेले दिसतात. मोनिकाच्या घराचा नंबर सुरुवातीला ५ होता आणि समोरच्यांचा ४. पहिल्याच सीझनमध्ये कधीतरी ते गुपचूप २० आणि १९ झाले. कारण सरळ आहे. कोणाच्या तरी लक्षात आलं की बाल्कनीतून एवढी उंचावरची इमारत दिसते तर घर वरच्या मजल्यावर हवं, आणि ५ नंबर खालच्या मजल्यावरचा वाटतो. पाटी बदलली, विषय संपला. रिलीज नोट्स नाहीत.

ही परंपरासुद्धा जुनीच. 'आय लव्ह ल्युसी'मधल्या रिकार्डोंचा पत्ता ६२३ ईस्ट ६८ वा रस्ता असा आहे. न्यूयॉर्कच्या नकाशावर तो शोधायला गेलात तर ईस्ट रिव्हरच्या पाण्यात पडाल. त्यांच्या शेजारणीचं, एथेलचं, मधलं नाव कधी लुईस, कधी रॉबर्टा, कधी मे. 'हॅपी डेज' १९७४ मध्ये सुरू झाली तेव्हा कनिंगहॅम कुटुंबात चक नावाचा मोठा मुलगा होता. दुसऱ्या सीझननंतर तो नाहीसा झाला. कुठे गेला कोणी विचारलं नाही, आईबापांनीसुद्धा नाही! अमेरिकेत अशा गायब होणाऱ्या पात्रांच्या आजाराला आजही चक कनिंगहॅमचं नाव आहे.

पण त्या लेखकांना हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ते कोणासाठी लिहीत होते? आठवड्यातून एकदा, एकच भाग, एकदाच बघणाऱ्या माणसासाठी. पुढे रीरन सुरू झाले तेही वाटेल त्या क्रमाने लागायचे, म्हणून प्रत्येक भाग सुटा समजला पाहिजे अशीच अपेक्षा असायची. चक कनिंगहॅम १९७५ मध्ये दिसेनासा झाला तेव्हा मागचा भाग काढून बघायची सोय घरात जवळजवळ कोणाकडेच नव्हती. नंतर व्हीसीआर आला, डीव्हीडी आल्या, मग हार्ड डिस्कवाले आम्ही आलो. एका रात्रीत अकरा भाग बघणारा आणि स्पेसबारवर बोट ठेवून बसणारा प्रेक्षक त्या बिचाऱ्यांच्या रिक्वायरमेंटमध्ये कधी नव्हताच.

काहींनी मात्र जुन्या चुकांवर झकास पॅच मारले. 'चिअर्स'मध्ये फ्रेझर क्रेनने सांगितलेलं असतं की त्याचे वडील संशोधक होते आणि ते वारले. १९९३ मध्ये त्याच्यावर स्वतंत्र 'फ्रेझर' मालिका निघाली आणि त्यात वडील चक्क जिवंत, तेही निवृत्त पोलीस. १९९५ मध्ये 'चिअर्स'मधला सॅम पाहुणा म्हणून आला तेव्हा लेखकांनी हा प्रश्न त्याच्याच तोंडी घातला. फ्रेझरचं उत्तर असं की तेव्हा आमचं भांडण झालं होतं, म्हणून मी रागाने तसं सांगितलं. बघा, चुकीतून पात्राचा स्वभाव कसा काढला! 'साइनफेल्ड'वाल्यांनी वेगळाच मार्ग घेतला. जॉर्जचे वडील १९९३ च्या एका भागात जॉन रँडॉल्फने केले होते. पुढे जेरी स्टिलर आला आणि एवढा गाजला की त्यांनी नंतर त्या जुन्या भागातले सीन स्टिलरला घेऊन पुन्हा शूट केले. थेट हिस्टरी रीराइट.

तिसरी जात आमच्या शीटमध्ये नव्हतीच, कारण ती आम्हाला दिसणं शक्य नव्हतं. 'फ्रेंड्स' फिल्मवर शूट झालेली होती आणि फिल्मवर टीव्हीच्या चौकोनापेक्षा जास्त रुंद चित्र येतं. कडेचा भाग टीव्हीवर जाणार नाही हे माहीत असल्याने तिथे काय आहे याची फार कोणी फिकीर केली नाही. २०१२ मध्ये ब्लू-रेसाठी मूळ फिल्म पुन्हा स्कॅन करून रुंद पडद्याची आवृत्ती काढली आणि कडेला लपलेल्या गोष्टी उघड्यावर आल्या. नवव्या सीझनच्या 'द वन विथ द मगिंग'मध्ये जोई रेचलशी बोलतोय आणि पुढच्या शॉटला रेचलच्या जागी भलतीच बाई उभी! ती स्टँड-इन. कॅमेरा जोईवर असताना जेनिफर ॲनिस्टनने उभं राहायची गरज नव्हती. नोकरी लागल्यावर नेटफ्लिक्सवर मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा सवयीने रूममेटला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "ही चूक त्यांची नाही. ज्याने पडदा ताणला त्याची." अगदी बरोबर. २००३ मध्ये तो शॉट निर्दोष होता.

आता चौथी जात. यांना चूक म्हणावं का हेच मला हल्ली कळत नाही.

१९९६ मध्ये 'द वन व्हेअर नो वन्स रेडी' शूट होताना जोई आणि चँडलर एका खुर्चीवरून भांडतात. मॅट लब्लाँकने खुर्चीकडे उडी मारली आणि त्याचा खांदा निखळला. पुढच्या भागात जोईचा हात झोळीत दिसतो आणि कारण दिलंय, पलंगावर उड्या मारताना पडला. लिसा कुड्रोला दिवस गेले तेव्हा फीबीला भावाच्या तिळ्यांसाठी सरोगेट केलं. १९९८ च्या मे महिन्यातल्या लंडनच्या भागांत सगळे लग्नाला गेले आणि फीबी घरी राहिली, कारण कुड्रो खरोखरच बाळंतपणाच्या टोकाला होती. दहाव्या सीझनमध्ये कोर्टनी कॉक्स गरोदर होती, पण मोनिकाला मूल होणार नाही हे गोष्टीत आधीच ठरलेलं. मग ढगळे कपडे घालून ते लपवत राहिले. म्हणजे माणसाच्या शरीराला काही झालं की सांगता येण्यासारखं असेल तर कथेत घ्यायचं, नसेल तर झाकायचं.

आणि काही गोष्टी ना सांगता येतात, ना झाकता येतात.

आमच्या शीटमधली ती ओळ अशी आहे: "सीझन ७, एपिसोड १. चँडलर एका रात्रीत बारीक. हाहाहा."

सहावा सीझन १८ मे २००० ला संपला. मोनिका मेणबत्त्या लावून चँडलरला मागणी घालायला जाते, पण शेवटी तोच तिला मागणी घालतो, ती हो म्हणते. सातवा सुरू झाला १२ ऑक्टोबरला, आणि गोष्ट त्याच रात्री पुढे चालू होते. गोष्टीत मध्ये वेळ गेलेलाच नाही, पण चँडलरचा चेहरा अर्धा झालाय. आम्ही दोन फोटो शेजारी लावून हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकले होते. भरपूर हशा.

त्या सुट्टीत मॅथ्यू पेरी स्वादुपिंडाच्या आजाराने हॉस्पिटलात होता. त्याआधी काही वर्षं, 'फूल्स रश इन' सिनेमाच्या वेळी जेट-स्कीचा अपघात झाला होता आणि त्याला विकोडिन नावाची वेदनाशामक गोळी मिळाली होती. पुढे तो दिवसाला ५५ गोळ्यांपर्यंत गेला. जोडीला दारू. हे सगळं त्याने स्वतः २०२२ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात लिहिलंय. त्यात तो म्हणतो की माझं व्यसन कुठे होतं हे तुम्हाला सीझनगणिक माझ्या वजनावरून कळेल. जाड दिसलो तर दारू, बारीक दिसलो तर गोळ्या. म्हणजे आमच्यासारख्यांनी चुका म्हणून टिपलेला कॉलम हा त्या माणसाचा केस पेपर होता. सातव्या सीझनच्या शेवटी चँडलर-मोनिकाचं लग्न झालं, मे २००१ मध्ये ते टीव्हीवर आलं. त्या शूटिंगला त्याला व्यसनमुक्ती केंद्रातून आणलं होतं आणि लग्न लावून परत तिथेच नेऊन सोडलं होतं.

२०१६ मध्ये बीबीसीवर त्याने सांगितलं होतं की मधली सुमारे तीन वर्षं त्याला आठवतच नाहीत. आम्हाला त्या तीन वर्षांतले त्याचे कप कुठल्या हातात होते तेही पाठ, आणि त्याला आपण तिथे होतो हेच आठवत नाही. २०२१ च्या रियुनियनमध्ये सहाही जण एकत्र बसलेले असताना तो म्हणाला की प्रेक्षक हसले नाहीत तर मला मरून जाईन असं वाटायचं. बाकीच्यांना धक्का बसला. हे तू कधी बोलला नाहीस, असं कुड्रो म्हणाली. दहा वर्षं रोज बरोबर काम करणारी माणसं ही.

२८ ऑक्टोबर २०२३ ला तो गेला. ५४ वर्षांचा होता.

त्या रविवारी मी रूममेटला फोन केला. आधी अर्थातच चँडलरबद्दल बोललो. मग मी त्या ओळीचा विषय काढला, म्हटलं आपण किती हसलो होतो रे. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला नाव कोणी ठेवलं होतं आठवतं का?"

आठवत होतं. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीनंतर तो परत आला तेव्हा खूप बारीक झाला होता. पँट कमरेला पट्ट्याने बांधल्यासारखी. मी दारातच त्याला बघून ओरडलो होतो, "आला रे सीझन सेव्हन!" नाव चिकटलं. वर्षभर सगळे त्याला सेव्हन म्हणायचे, मेसचे काकासुद्धा. तोही हसायचा.

त्या सुट्टीत तो डिप्रेशनमध्ये होता. दोन महिने नीट जेवला नव्हता, झोपला नव्हता. घरच्यांनी डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या तो आमच्या खोलीत, क्रोसिनच्या रिकाम्या बाटलीत ठेवायचा. मी त्याच खोलीत राहत होतो. माझा पलंग तिथून पाच फुटांवर होता. लक्षात मला सगळं आलं होतं. बारीक झाला, संध्याकाळी मेसला यायचं टाळतो, पहाटे जागा असतो. फक्त त्यातलं एकही विचारलं नाही.

मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "सोड रे, आता बराय मी." आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेला. बरा आहे तो, खरंच. पुढच्या महिन्यात त्याला मुलगी होणार आहे की मुलगा यावर आमची पैज लागलीय.

ऑफिसात प्रॉडक्शनला बग आला की आम्हाला रूट कॉज लिहावा लागतो. काय झालं एवढं लिहून चालत नाही, का झालं ते पाच वेळा विचारावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, सगळे शिव्या घालतात. पण आमच्या त्या एक्सेल शीटमध्ये नेमका तोच कॉलम नव्हता. सीझन, एपिसोड, वेळ, चूक. बस.

शीट मी डिलीट केली नाही. 'का' असा पाचवा कॉलम घातलाय आणि लिंक रूममेटला पाठवलीय. आत्तापर्यंत आम्ही दोघांनी मिळून चाळीसेक ओळी भरल्या. सातव्या सीझनच्या ओळीपुढे त्याने काय लिहिलं ते इथे सांगत नाही. पण 'हाहाहा' खोडलंय.